बोटांचा वास

लातिर फायने कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक नळी, ओठांत धरला, गाल फुगवले आणि जोर लावून फुंकर मारली. जेटमधला कचरा जागचा हलला नाही. लातिरच्या छातीतून मात्र शिट्टी वाजली आणि पाठोपाठ खोकल्याची अशी उबळ आली, की तो पान्यांच्या पेटीवर डोकं टेकून बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मोटरचा मालक उसेनू शेजारी उभा राहून बघत होता. त्याची होडी भरतीबरोबर निघायची होती, म्हणून त्याने लातिरच्या हातातून जेट काढून घेतला, स्वतः एक फुंकर मारली आणि जेट साफ झाला.

हे खोकल्याहून वाईट. जोआल गावच्या किनाऱ्यावर होडीच्या मोटरी दुरुस्त करण्यात लातिरचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याच्याच छपराखाली एका नाखव्याने त्याचं काम करून दाखवलं होतं. लातिरने तोंड पुसलं आणि अशा वेळी तो नेहमी जे करायचा तेच केलं. कानामागची सिगारेट काढून पेटवली.

ती ओठांपर्यंत पोचली, पण झुरका काही झाला नाही. मागून एक हात आला, धुराने काळवंडलेला, तारली माशांच्या खवल्यांनी भरलेला. त्या हाताने सिगारेट उपटली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली.

"मर की खुशाल," रामाता सी म्हणाली. "पण मला विचारून. गुलाम मालकिणीला विचारल्याशिवाय मरत नसतो."

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर लातिरने त्याला पान्याने झोडपलं असतं. पण रामाता तुकुलेर आणि लातिर सेरेर, त्यामुळे त्याचे हात बांधलेले. या दोन जमातींत थट्टेचं नातं कधीपासूनचं आहे आणि कोणत्या उपकारापोटी जुळलं, हे कोणाला धड सांगता येत नाही. जो तो आपल्या बाजूने सांगतो. एवढं मात्र पक्कं, की तुकुलेरने सेरेरला गुलाम म्हणावं, सेरेरने तुकुलेरला म्हणावं, एकाने दुसऱ्याच्या ताटातला मासा उचलावा, आणि रागवायचं कोणीच नाही. जो रागावेल त्याची अब्रू गेली. लातिरने राग गिळला. तो गिळता गिळता पुन्हा खोकला आला.

रामाताची मासे धुरावायची भट्टी लातिरच्या छपरामागेच होती. बाई आडव्या बांध्याची, आवाज असा की बोलायला लागली की समुद्रातल्या होड्यांनाही ऐकू जावं. तिने आता कमरेवर हात ठेवले, म्हणजे लवकर जायचा बेत नव्हता.

"मनात आणलं तर आत्ता सोडीन," लातिर म्हणाला.

"मग आण की मनात. का सेरेरांना मनसुद्धा आमच्याकडून उसनं न्यावं लागतं?"

जाळी शिवणारे हसले. उसेनूही हसला. लातिर स्टुलावरून उठला आणि बोलून गेला, की या घडीपासून सिगारेटला शिवणार नाही, आणि शिवलो तर फायचं नाव लावणार नाही. बोलल्यावर त्याला वाटलं, जीभ चावावी. पण रामाताने ते शब्द जमिनीवर पडू दिले नाहीत.

"ऐका रे सगळे," तिने हाळी दिली. "हा जोवर ओढत नाही, तोवर आम्ही सी लोक याचे गुलाम. मी, माझे भाऊ, माहेरी फुतात असलेले माझे सगळे चुलते-मामे. हा सांगेल ते मुकाट आणून देऊ. आणि ज्या दिवशी ओढेल, त्या दिवशी यानं माझ्या भट्टीवर लाकडं वाहायची, आणि प्रत्येक मोळीला ओरडून सांगायचं की फाय हे सींचे गुलाम होते आणि राहतील."

उसेनूने विचारलं, की हा चोरून ओढायला लागला तर कळणार कसं.

"नाक आहे मला," रामाता म्हणाली. "रोज सकाळी याची बोटं हुंगीन."

असं ते सुरू झालं. खरं तर दवाखान्यातल्या नर्सबाईने लातिरला आधीच बजावलं होतं, की अर्धी छाती गेली आहे, उरलेली ठेवायची असेल तर आज सोड, उद्या नको. ते त्याने ऐकलं, मान डोलावली आणि दवाखान्याच्या फाटकात सिगारेट पेटवली. बायकोने, तेनिंगने, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मौलवींनी सांगितलं. रमजानात हा माणूस दिवसभर धुराविना राहायचा आणि रोजा सोडताना खजुराच्या आधी सिगारेट पेटवायचा. अल्लाला भ्याला नाही तो एका तारल्या भाजणाऱ्या बाईच्या टोमण्याला भ्याला, असं लोक म्हणायला लागले. लातिर म्हणायचा, भ्यालो नाही, पेटलो आहे.

पेटणं सोपं होतं, टिकणं कठीण. जेवणानंतर माशाच्या भाताचा तेलकटपणा जिभेवर असला की हात आपोआप कानामागे जायचा आणि रिकामा परत यायचा. चहाच्या वेळी तर जीव नकोसा व्हायचा. रीतीप्रमाणे चहा तीनदा उकळायचा, पहिला कडू पेला, दुसरा बेताचा, तिसरा गोड, आणि प्रत्येक पेल्याच्या मधला तो लांबलचक वेळ. तिथे सिगारेट नाही तर माणसाने करायचं काय? उसेनू मुद्दाम वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून ओढायचा. कधी पाकीट पुढे करायचा, म्हणायचा, एकाने काय होतंय, ती काय तुझ्या फुप्फुसात बसली आहे का बघायला. लातिर त्याला शिव्या घालायचा आणि दातवणाची काडी चावायचा. ती काडी तेनिंगची युक्ती. ती रोज सकाळी त्याच्या खिशात काड्यांची जुडी कोंबायची. एकदा काड्या संपल्या तर त्याने हातोडीचा दांडा चावला, असं ती शेजारणींना सांगायची आणि त्यात बढाई असायची.

कोपऱ्यावरचा दुकानदार दियालो हा फुलानी जमातीचा, म्हणजे तुकुलेरांसारखाच सेरेरांशी थट्टेच्या नात्यातला. पैज त्याच्या कानावर गेली आणि त्याला सणच झाला. एका दुपारी लातिर पडलेल्या चेहऱ्याने दुकानात आला आणि पुटपुटला, की एकच सुटी दे, पाहुण्याला हवी आहे. दियालोने त्याच्यासमोर एक साबणाची वडी ठेवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुलामांना आम्ही एवढंच विकतो. धू आणि जा." लातिरने साबण घेतला. घरी येऊन तेनिंगला म्हणाला की फुलानी लोक माजलेत. तेनिंग तोंड वळवून हसली.

रोज सकाळी रामाता भट्टीकडे जाताना छपराशी थांबायची. "मालक, बोटं," म्हणायची. पैजेप्रमाणे तो सध्या मालक होता आणि हा शब्द ती अशा सुरात उच्चारायची, की शिवी बरी वाटावी. लातिर उजव्या हाताची दोन बोटं पुढे करायचा. ती मनगट धरायची, बोटं नाकाशी न्यायची, भरपूर वेळ घ्यायची, आणि नजर मात्र त्याच्या तोंडावर. मग हात सोडून द्यायची. लातिर लगेच मालकपणा वसूल करायचा. फर्मान काढायचा, की दुपारपर्यंत दोन चांगल्या धुरावलेल्या तारल्या हजर झाल्या पाहिजेत. दुपारी तारल्या यायच्या. नुसती मुंडकी.

मग एक दिवस तो ओढून बसला. कारण काही नव्हतं. कारण असतं, कोणी मेलं असतं किंवा भांडण झालं असतं, तर पुढे मनाला सांगायला बरं पडलं असतं. दुपार होती, समुद्र शांत होता, एका परगावच्या खलाशाने पाकीट पुढे केलं आणि लातिरच्या हाताने एक उचलली. सुक्या मासळीच्या गोदामामागे उभं राहून त्याने ती शेवटपर्यंत ओढली. चव घाण होती. तरी ओढली. मग बोटं पेट्रोलने धुतली, दियालोच्या साबणाने धुतली, लिंबू चोळलं, पुन्हा पेट्रोल.

दुसऱ्या सकाळी रामाताने बोटं नाकाशी धरली. लातिरने चेहरा मख्ख ठेवला. निदान त्याला तसं वाटलं.

"ओढलीस," ती म्हणाली.

तो नाही म्हणणार होता. म्हणाला नाही. तिच्या नाकाचा त्याला मनापासून धाक बसला. पेट्रोल आणि लिंबाच्या खालून सिगारेट शोधणारं हे नाक आहे तरी कसलं, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी त्याने लाकडं वाहिली. गाडीपासून भट्टीपर्यंत, भर बाजारातून, आणि प्रत्येक मोळीला ओरडून सांगितलं की फाय हे सींचे गुलाम होते आणि राहतील. पोरीबाळी टाळ्या पिटत होत्या. दियालो दुकान बंद करून बघायला आला. लातिरने आवाज जराही खाली येऊ दिला नाही. हरलो आहे तर वाजतगाजत हरेन, असा त्याचा खाक्या. पण भट्टीजवळ गेल्यावर तो थांबला. आत रामाता भुईमुगाची टरफलं विस्तवावर फेकत होती आणि धूर असा दाटला होता की तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त खोकला ऐकू येत होता. तसा खोकला लातिरला ओळखीचा होता. तो त्याचाच होता, फक्त बाईच्या गळ्यातून येत होता.

"तू मला सोड म्हणतेस आणि स्वतः हे गिळतेस?" त्याने विचारलं.

"फरक आहे," रामाता पदराने डोळे पुसत म्हणाली. "तू धुराला पैसे देतोस. मला धूर पैसे देतो. चल, अजून मोळ्या आहेत."

त्यानंतरच्या आठवड्यात लातिरने दोन जुन्या पिंपांची नळी करून तिच्या भट्टीवर धुरांडं बसवलं. धूर खरंच वर जायला लागला. पण तारल्यांना रंग चढेना, वास धरेना, आणि व्यापारीण बाया तिचा माल उचलेनात. रामाताने धुरांडं काढून टाकलं आणि त्या पिंपांत पाणी साठवायला लागली. लातिर भडकला. तिने त्याला सांगितलं, की गुलामाने चुलीत नाक खुपसू नये. हे ती हसून म्हणाली, पण वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागलं.

पैज पुन्हा पहिल्यापासून लागली होती. या खेपेला लातिर खरा पेटला. वास लपत नाही हे कळल्यावर चोरी करण्यात अर्थच उरला नव्हता. उसेनूने पाकीट पुढे केलं की तो त्याच्यावर थुंकायचा नाही एवढंच. पुढे एका सकाळी त्याने एका मोटरचा जेट ओठांत धरला, फुंकर मारली, आणि पलीकडून हवा सरळ निघून गेली. त्याने पुन्हा मारली. पुन्हा गेली. आजूबाजूला कोणी बघत नव्हतं. तो जेट तसाच हातात घेऊन भट्टीकडे गेला आणि रामातासमोर एकदा फुंकून दाखवला.

ती ओट्यावर बसली होती. अलीकडे ती बसूनच काम सांगायची आणि तिची सवत सिगा विस्तव सांभाळायची. रामाताने जेटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"छान," ती म्हणाली. "मालक, थोडा दम मलाही उसना द्या."

त्याने तिला दवाखान्यात चल म्हटलं, तिने उद्या म्हटलं. असे बरेच उद्या गेले, आणि घरच्यांनी तिला गाडीत घालून म्बूर गावच्या इस्पितळात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

बातमी उसेनूने आणली. छपराखाली येऊन तो म्हणाला, रामाता गेली, दुपारच्या नमाजानंतर माती आहे. लातिरच्या हातात पाना होता. तो त्याने जागच्या जागी ठेवला, मग दुसरा पाना उचलला, तोही ठेवला. उसेनूने पाकीट काढलं. या वेळी त्यात थट्टा नव्हती. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"आज तरी ओढ," तो म्हणाला. "आज तुला कोण काय म्हणणार आहे?"

तेच तर होतं. आता कोणी काही म्हणणार नव्हतं. लातिरने सिगारेट घेतली. जुन्या सवयीने कानामागे ठेवली आणि ती तिथे चपखल बसली. मातीला गेला तेव्हा ती तिथेच होती. कबरीवर मूठ मूठ वाळू टाकताना ती त्याला कानाशी टोचत होती, आणि त्याला एवढंच कळत होतं की इथून सुटलो की पहिल्यांदा ही पेटवायची.

रामाताच्या अंगणात ताडपत्री ताणली होती. चटयांवर पुरुष बसले होते, भिंतीशी बाया. मधोमध तिचा थोरला भाऊ थेर्नो सी, फुतात मुलांना कुराण शिकवणारा, खळ लावलेल्या पांढऱ्या झग्यातला ताठ म्हातारा. बहिणीचं दुखणं कळल्यावर आदल्या दिवशी पोचला होता. हातातली जपमाळ फिरत होती. लातिर आत आला तशा सगळ्यांच्या माना वळल्या. मयताच्या घरी थट्टेच्या नातलगाकडून काय अपेक्षा असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रडणं बाकीच्यांचं काम. त्याने येऊन रडणाऱ्यांना हसवायचं, तोच त्याचा हक्क आणि तीच त्याची चाकरी. लातिर चटयांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"रामाता सी कुठे आहे?" त्याने दरडावून विचारलं. "बोलवा तिला बाहेर. मी तिचा मालक आहे. मला न विचारता गेली कशी? तिनंच सांगितलं होतं, गुलाम विचारल्याशिवाय मरत नसतो. सी लोकांना शब्द पाळायला कोणी शिकवलं नाही का?"

भिंतीशी कोणीतरी हुंदका देता देता हसलं. मग आणखी कोणी. लातिर पुढे म्हणाला, की दोन तारल्या सांगितल्या की दोन मुंडकी पाठवणारी ही बाई, आता वर जाऊन फरिश्त्यांनाही मुंडकीच खाऊ घालील. अंगण हसलं आणि त्याच दमात रडलं. थेर्नो मात्र हसला नाही. तो लातिरच्या कानाकडे बघत होता.

"ते काय आहे?" त्याने विचारलं.

"सिगारेट."

"पैजेचं मला तिनं सांगितलं होतं. ओढलीस?"

लातिरने उजवा हात पुढे केला, पण धरायला कोणी नव्हतं. म्हणून तो सिगाकडे वळला. "तू हुंग. भट्टी तुझ्याकडे आली, आता हेही तुझ्याकडे."

सिगाने मान हलवली. म्हणाली, दादा, मी सेरेर, तुझ्याच रक्ताची. तुझा हात धरून तुला गुलाम म्हणायचा हक्क मला नाही. मग ती पदरात तोंड खुपसून हसायलाच लागली, आणि हसता हसता म्हणाली, "आणि हुंगून तरी काय होणार होतं? तिला तरी कुठे वास येत होता?"

लातिरला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तिचं नाक कधीच गेलं होतं," सिगा म्हणाली. "त्या धुरानं. भात करपला तरी तिला कळायचं नाही. मासा शिळा आहे की ताजा, हे मलाच विचारायची. तुझी बोटं नुसती नाकाशी धरायची आणि तुझ्या तोंडाकडे बघायची. म्हणायची, फायचं पोर चोरी करून येऊ दे, तोंडावर लिहिलेलं असतं."

लातिरला आधी आला तो राग. एवढ्या सगळ्या सकाळी तो एका मेलेल्या नाकाला भीत बोटं पुढे करत आला होता. लिंबू काय, साबण काय, पेट्रोल काय. रोज ओढली असती आणि चेहरा जरा सांभाळला असता तरी चाललं असतं. मग तो राग पोटातून वर येता येता हसू झाला, आणि ते हसू बाहेर पडलं तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की आपण रडतो आहोत. भर अंगणात, पुरुषांमध्ये उभं राहून रडतो आहोत. त्याने ते लपवलं नाही.

त्याने कानामागची सिगारेट काढली. उसेनू कोपऱ्यात बसला होता; त्याच्याकडे बघत लातिरने ती मुठीत चुरडली आणि तंबाखू अंगणातल्या वाळूवर सोडून दिली.

"ऐका सगळे," तो म्हणाला. आवाज फुटला होता, पण मोठा होता. "तिला नाक नव्हतं. म्हणजे मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. मीच राहिलो. आणि ही पैज तिच्याबरोबर पुरलेली नाही. मी ओढत नाही, ओढणार नाही. सी लोक माझे गुलाम आहेत. सगळे. फुतातलेसुद्धा." त्याने थेर्नोकडे बोट केलं. "तूसुद्धा. मला तहान लागली आहे. पाणी आण."

थेर्नो सीला पाणी आणायला सांगेल असा माणूस फुतात नव्हता आणि जोआलमध्येही नसावा. त्याच्याजवळ बसलेला एक तरुण घाईघाईने उठायला लागला, तर म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग त्याने लातिरच्या तोंडाकडे पाहिलं. बोटांकडे नाही, तोंडाकडे. सावकाश, रामाता बघायची तसं.

"नाही ओढली," तो म्हणाला.

त्याने जपमाळ चटईवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि भिंतीशी ठेवलेल्या माठापर्यंत गेला. भांडं विसळलं, भरलं, आणि दोन्ही हातांनी धरून लातिरसमोर आणलं.

लातिरने ते तोंडाला लावलं आणि एका दमात रिकामं केलं. म्हातारा भांडं परत घ्यायला हात पुढे करून उभा होता.